मोटारीच्या इंजिनाचें गणकयंत्र : त्याची नोंद व त्याचें पुनर्लेखन

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत आज एखादी मोटार, पिकअप किंवा ट्रॅक्टर उभा असतो. बैलाची चाल, त्याचे डोळे व त्याचें रवंथ पाहून त्याला काय होत आहे हें शेतकरी ओळखतो. जुन्या इंजिनाचेंही तसेंच होतें. आवाज ऐकून, धूर पाहून व नळीवर हात ठेवून गांवचा मिस्त्री दोष सांगत असे. ही स्थिति आतां पालटली आहे. इंजिनाला इंधन किती द्यावें व कोणत्या क्षणीं द्यावें हें ठरविण्याचें काम एका लहानशा गणकयंत्राकडे गेलें असून, कारागीर लोक त्याला ई.सी.यू. असें म्हणतात. त्याचबरोबर "गाडीचा मॅप बदलून देतों, ताकद वाढेल व डिझेलही वाचेल" असें सांगणारे लोकही भेटूं लागले आहेत. हा सौदा करावा कीं करूं नये, व करण्यापूर्वीं काय पाहावें, हें शेतकऱ्याला स्वतःच्या बुद्धीनें ठरवितां यावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

गणकयंत्र काय काम करतें

हें यंत्र म्हणजे धातूची एक चपटी पेटी असते. तिच्यापासून तारांचा जुडगा निघून इंजिनाच्या निरनिराळ्या भागांपर्यंत जातो. तारांच्या टोकांना सेन्सर नांवाचे टेहळे बसविलेले असतात. एक टेहळा क्रँकचा दांडा किती वेगानें फिरतो तें सांगतो, दुसरा आंत येणाऱ्या हवेचा दाब सांगतो, तिसरा पाण्याचें तापमान व चौथा चालकानें पेडल किती दाबलें तें कळवितो. या बातम्या घेऊन गणकयंत्र इंजेक्टरला हुकूम सोडतें.

हें काम किती त्वरेनें होतें याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल तर सेकंदास ५० फेरे होतात. चार आघातांच्या इंजिनांत प्रत्येक फेऱ्यास दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदास १०० स्फोट होतात. अर्थात् एका स्फोटापासून दुसऱ्या स्फोटापर्यंत सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो, व तेवढ्या अवधींत पुढील हुकूम तयार व्हावा लागतो. इंधन व ठिणगी या दोहोंचा कारभार एकाच अंकीय यंत्राकडे सोंपविण्याची ही रीत जर्मनींतील बॉश कंपनीच्या मोट्रॉनिक नांवाच्या यंत्रानें १९७९ सालीं बाजारांत आणली.

कोष्टकें

एवढ्या थोड्या वेळांत यंत्र सर्व गणित मुळापासून करीत बसत नाहीं. त्याच्या स्मृतींत कारखान्यानें पुष्कळ कोष्टकें लिहून ठेवलेलीं असतात. कारागीर ज्याला "मॅप" म्हणतात तें हेंच. खताची मात्रा ठरवितांना आपण एका बाजूस मातीचा कस व दुसऱ्या बाजूस पीक पाहून मधल्या घरांतील आंकडा वाचतों, तसेंच हें आहे. येथें एका बाजूस इंजिनाचे फेरे व दुसऱ्या बाजूस इंजिनावरील भार असतो, आणि घरांत इंधनाची मात्रा लिहिलेली असते. समजा, २००० फेऱ्यांच्या घरांत ३० व २५०० फेऱ्यांच्या घरांत ३४ असा आंकडा आहे; तर २२५० फेऱ्यांस यंत्र मधला ३२ हा आंकडा धरतें.

अशीं कोष्टकें एक-दोन नसून अनेक असतात, व तीं एकमेकांस आवर घालतात, ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. डिझेल इंजिनांत चालकाच्या मागणीचें एक कोष्टक असतें. त्यावर धुराच्या मर्यादेचें दुसरें कोष्टक पहारा करतें. आंत आलेल्या हवेंत जेवढें डिझेल नीट जळेल त्याहून अधिक देऊं नये, असा या दुसऱ्या कोष्टकाचा दंडक असतो. पाणी फार तापल्यास, किंवा टर्बोनें दिलेल्या हवेचा दाब कमी पडल्यास, यंत्र आपण होऊन इंधन आंखडतें. अशा वेळीं गाडी "ओढत नाहीं" असें चालकास वाटतें. वस्तुतः यंत्र आपलें काम बरोबर करीत असतें, व दोष दुसरीकडेच असतो.

पेट्रोलच्या इंजिनांत आणखी एक सोय आहे. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. धुराच्या नळींतील प्राणवायूचा टेहळा हें प्रमाण साधलें कीं नाहीं तें सांगतो, आणि त्यावरून यंत्र कोष्टकांतील मात्रेंत शेंकडा कांहीं भर घालतें किंवा तूट करतें. या दुरुस्तीला "फ्युएल ट्रिम" म्हणतात.

आपल्या ऊंसकऱ्यांस हा विषय घरचाच वाटेल. ऊंसापासून होणारें इथेनॉल पेट्रोलमध्यें मिसळलें जातें, व शेंकडा २० मिश्रणाची मजल देशानें २०२५ सालीं गाठली. इथेनॉलच्या एका भागास सुमारें ९ भागच हवा पुरते. म्हणून मिश्रण वाढलें कीं तेवढ्याच हवेस इंधन अधिक लागतें. शेंकडा १० मिश्रण धरून लिहिलेल्या कोष्टकांच्या गाडींत शेंकडा २० चें मिश्रण भरल्यास यंत्राला सुमारें ४ टक्के भर घालावी लागते. ही भर म्हणजे दोष नव्हे. परंतु तीच भर १५ किंवा २० टक्क्यांवर गेली, तर कोठें तरी हवा फुटून आंत शिरत आहे किंवा इंधनाचा पुरवठा कमी पडत आहे, असें समजावें.

नोंद कशी घ्यावी

हे सर्व आंकडे गाडीच्या मालकास वाचतां येतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सुकाणूच्या खालीं, गुडघ्याजवळ, १६ छिद्रांचें एक रुंद सॉकेट असतें. अमेरिकेंत १९९६ सालापासून नव्या मोटारींना तें सक्तीचें झालें, आणि आपल्याकडेही अलीकडील सर्व मोटारी व पिकअप गाड्यांना तें असतें. यांतील १६ व्या छिद्रांत बॅटरीची वीज, ४ व ५ मध्यें जमिनीची तार, आणि ६ व १४ मध्यें गणकयंत्राशीं बोलण्याची तारांची जोडी असते. तेथें एक लहानसें जोडयंत्र बसविलें कीं तें बिनतारी मार्गानें खिशांतील फोनवर आंकडे पाठवितें. फोन ते आंकडे वेळेसह साठवून ठेवतो. या साठवणीला "लॉग" म्हणतात, आणि ती पुढें जमाखर्चाच्या वहीप्रमाणें ओळीनें वाचतां येते.

नोंद घेतांना पुढील नियम पाळावे.

१. एका वेळीं थोडेच आंकडे मागावे. स्वस्त जोडयंत्र सेकंदास थोडींच उत्तरें आणूं शकतें. वीस गोष्टी विचारल्यास प्रत्येकीची पाळी उशिरा येते, व नेमका बिघाडाचा क्षण निसटतो. चार-पांच आंकडे पुरे आहेत : फेरे, पेडल, हवेचा दाब, पाण्याचें तापमान, आणि डिझेल गाडी असल्यास रेलमधील इंधनाचा दाब.

२. गाडी निरोगी असतांनाच एकदां नोंद घेऊन ठेवावी. दुभत्या म्हशीचें रोजचें दूध ज्यानें लिहून ठेवलें नाहीं, त्यास तूट आली हें उशिरा कळतें. त्याचप्रमाणें हें आहे.

३. तोच रस्ता, तेंच ओझें व तोच गिअर ठेवून दोन नोंदींची तुलना करावी. रिकाम्या गाडीची सपाटीवरील नोंद व भरलेल्या गाडीची घाटांतील नोंद यांची तुलना निरुपयोगी होय.

४. "मागणी" व "मिळकत" असे दोन्ही आंकडे मिळत असल्यास ते शेजारीं शेजारीं ठेवावे. यंत्रानें किती दाब मागितला व प्रत्यक्ष किती मिळाला, यांतील अंतरांतच बहुधा दोष सांपडतो.

५. गाडी चालवितांना चालकानें फोनकडे पाहूं नये. नोंद आपोआप होत असते. ती घरीं बसून वाचावी.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाची पिकअप गाडी पुरंदर तालुक्यांतून अंजिरें व सीताफळें घेऊन पुण्याच्या बाजारांत जाते, आणि येतांना पेंड व खताचीं पोतीं घेऊन येते. अंजिराचा माल एका दिवसाचा असतो. गाडी पहाटे पोंचली नाहीं तर भाव गेला, आणि मुळींच पोंचली नाहीं तर माल गेला. मागील हंगामांत भरलेली गाडी दिवे घाट चढतांना दमूं लागली. तिसऱ्या गिअरवर जी चढत असे ती दुसऱ्यावर आली. इंजिनाचा पिवळा दिवा मात्र लागला नव्हता. कारण तूट ठराविक मर्यादेबाहेर गेल्याशिवाय व ठराविक वेळ टिकल्याशिवाय यंत्र तिला दोष म्हणून नोंदीत नाहीं.

एका कारागिरानें गाडी पाहून सांगितलें, "कारखान्यानें ताकद दाबून ठेवलेली असते. मॅप नवा लिहून देतों, घाट टॉपवर चढेल." हंगाम चालू असल्यामुळें मन मोहांत पडलें होतें. परंतु घरच्या मुलानें हट्ट धरला कीं, आधीं घाटाची नोंद घेऊं. त्याप्रमाणें वीस पोतीं भरून, वडकीपासून वरपर्यंत, पेडल पूर्ण दाबून नोंद घेतली. ती वाचतां असें दिसलें कीं, २२०० फेऱ्यांवर यंत्र हवेचा दाब २१० किलोपास्कल मागत होतें, व मिळत होता १७५. सपाटीवर हलक्या पायानें चालतांना मात्र दोन्ही आंकडे जुळत होते. रेलमधील इंधनाच्या दाबांत कांहीं उणें नव्हतें.

याचा अर्थ उघड होता. टर्बो हवा दाबीत होता, पण ती इंजिनापर्यंत पोंचण्यापूर्वींच वाटेंत कोठें तरी सुटत होती. आणि दाब जितका अधिक, तितकी गळती अधिक. गाडीखालीं शिरून पाहिलें, तों इंटरकूलरकडून येणाऱ्या रबरी नळीस खालच्या बाजूनें बोटभर चीर पडली होती, व तिच्याभोंवतीं तेलाचा काळा थर बसला होता. नळी बदलली. दुसऱ्या दिवशीं त्याच घाटाची, त्याच ओझ्याची नोंद घेतली. तींत मागणी २१० व मिळकत २०७ अशी आली, आणि गाडी पूर्वींप्रमाणें तिसऱ्यावर चढली.

आतां त्या कारागिराचें ऐकलें असतें तर काय झालें असतें, याचा विचार करावा. हवा कमी म्हणून धुराच्या मर्यादेचें कोष्टक डिझेल आंखडीत होतें. त्यानें तीच मर्यादा वर उचलली असती. हवा तेवढीच व डिझेल अधिक, असें झाल्यावर काळा धूर निघाला असता, धुराच्या नळींतील काजळीची गाळणी लवकर भरली असती, बाहेर पडणारी वाफ अधिक तापून टर्बोवर ताण पडला असता, आणि फाटलेली नळी फाटलेलीच राहिली असती. विहिरीचा पाट फुटला असतां पाटाची डागडुजी न करतां मोटेवर आणखी बैल जुंपावे, त्यांतलाच तो प्रकार झाला असता.

पुनर्लेखन म्हणजे काय

पूर्वींच्या यंत्रांतील कोष्टकें ज्या चकतीवर लिहिलेलीं असत ती पुसण्यास काढून जंबुपार किरणांखालीं ठेवावी लागे. जपानांतील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं "फ्लॅश" जातीची स्मृति जगापुढें मांडली. ही विजेनेंच पुसली जाते, व तीहि एका वेळीं मोठ्या खंडांनीं, झटकन्. यामुळें पेटी न उघडतां, वर सांगितलेल्या सॉकेटमधूनच नवीं कोष्टकें लिहितां येऊं लागलीं. यालाच "रिफ्लॅश" म्हणतात.

ही स्मृति आधीं पुसावी लागते व मग लिहावी लागते. पुसून झाल्यावर आणि लिहून पूर्ण होण्यापूर्वीं वीज गेली, तर पाटी कोरी राहते व गाडी सुरू होत नाहीं. मग पेटी काढून, मेजावर ठेवून, तिच्या आंतल्या बिंदूंवर तारा लावून ती पुन्हां जिवंत करावी लागते. आणि तेंही प्रत्येक वेळीं साधतेंच असें नाहीं. म्हणून जाणता कारागीर पुढील क्रम सोडीत नाहीं. बॅटरीला स्थिर विजेचा आधार देतो. नुसत्या जुन्या बॅटरीच्या भरंवशावर काम करीत नाहीं. यंत्रावरील व त्यांतील लेखनाचा क्रमांक टिपून घेतो. मूळ लेखन वाचून त्याची प्रत दोन ठिकाणीं ठेवतो. यंत्र कुलुपाप्रमाणें एक प्रश्न विचारतें. त्याचें बरोबर उत्तर दिल्याशिवाय लिहूं देत नाहीं. लिहून झाल्यावर सर्व आंकड्यांची ताळ्याची बेरीज जुळते कीं नाहीं हें पाहिलें जातें. न जुळल्यास यंत्र तें लेखन स्वीकारीत नाहीं. शेवटीं जुने दोष पुसून पुन्हां नोंद घेतली जाते. जो मूळ प्रत देण्यास तयार नाहीं, व काम झाल्यावर नोंद दाखवीत नाहीं, त्याच्या हातीं गाडी देऊं नये.

पुनर्लेखन सर्वस्वी वाईट आहे, असा मात्र ग्रह करून घेऊं नये. कारखाना स्वतः आपल्या चुका सुधारण्याकरितां नवें लेखन काढतो, व तें अधिकृत कार्यशाळेंत घालून घेणें हिताचें असतें. पेटी बदलल्यावरही तें करावें लागतें. डिझेलचा इंजेक्टर बदलल्यास त्यावर छापलेला सांकेतिक क्रमांक यंत्रास कळवावा लागतो. हें पुनर्लेखन नव्हे. पण तें विसरल्यामुळें नवा इंजेक्टर घालूनही इंजिन खडखडत राहतें, व मालकाचा निष्कारण खर्च होतो.

ताकदीचा मोह व कायदा

ताकद वाढते हें कांहीं अंशीं खरें आहे. कारखाना उष्ण प्रदेश, हलकें इंधन, उंच घाट व अनेक वर्षांची झीज यांचा विचार करून हातचें राखून ठेवीत असतो. पुनर्लेखन करणारा तें राखलेलें खर्च करतो. परंतु क्लच, गिअरपेटी, पिस्टन व पाणी थंड करणारी जाळी हीं पूर्वींचींच राहतात. एक मनुष्य घेऊन हिंडणाऱ्या मोटारीस तें एखादे वेळीं सोसेल. दीड टन माल घेऊन वैशाखांत घाट चढणाऱ्या पिकअपला सोसणें कठीण. शिवाय कारखान्याची हमी जाते ती वेगळीच.

यापुढील पायरी म्हणजे धुराची गाळणी काढून टाकून यंत्रास तिचा विसर पाडणें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून नवे कडक नियम आले. नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा फरक वाहनांत करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चें ५२ वें कलम मनाई करतें. आणि धूर तर आपल्याच अंगणांत, आपल्याच मुलांच्या नाकांत जातो. लेखन बदलून धूर लपविणें किती महागांत पडतें, हें फोक्सवॅगन कंपनीच्या प्रकरणावरून जगास दिसलें. परीक्षा चालू आहे हें ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारें लेखन त्या कंपनीनें सुमारें एक कोटि दहा लाख डिझेल गाड्यांत घातलें होतें. तें २०१५ सालीं उघडकीस आलें.

आपलें यंत्र, आपली माहिती

याची दुसरीही बाजू आहे. लेखन कुलुपांत असल्यामुळें अमेरिकेंतील शेतकऱ्यांस स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करण्यासही विक्रेत्याच्या मनुष्याची वाट पाहावी लागे, व उभें पीक थांबून राही. तेथील कॉपीराइट कचेरीच्या नियमांत २०१५ सालीं दुरुस्तीकरितां सवलत मिळाली. आणि कोलोरॅडो राज्यानें २०२३ सालीं शेतीच्या यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून अमलांत आला. तेथील शेतकऱ्यांची मुख्य मागणी दोष वाचण्याचीं साधनें व माहिती मिळावी, ही होती. आपल्याकडेही ट्रॅक्टर विकत घेतांना "दोष कोण वाचूं शकतो, व कोणत्या साधनानें?" हा प्रश्न किंमतीइतकाच आवर्जून विचारावा.

सारांश, गाडी दमली कीं प्रथम नोंद घ्यावी. नोंदींत मागणी व मिळकत यांतील अंतर पाहावें. नळ्या, गाळण्या, तारा व बॅटरी तपासाव्या. दोष दूर झाल्यावर पुन्हां नोंद घेऊन खात्री करावी. इतकें झाल्यावर कारखान्याचें सुधारलेलें लेखन उपलब्ध असेल तर तें अधिकृत ठिकाणीं घालावें. जोडयंत्राची किंमत गॅरेजच्या एका फेरीच्या खर्चाहून अधिक पडत नाहीं, व गांवांतील चार-पांच शेतकऱ्यांनीं मिळून घेतल्यास तें सर्वांस पुरतें. प्रत्येकानें आपल्या गाडीची निरोगीपणाची नोंद एका वहींत तारखेसह लिहून ठेवावी. हंगाम सुरू होण्यापूर्वींचा एक दिवस या कामीं खर्च केल्यास, हंगामांत घाटाच्या मध्यावर माल भरून उभें राहण्याची वेळ सहसा येणार नाहीं.